डाव्या गालावरची नोंद

वेंगुर्ल्याच्या बंदरावर, जिथे बर्फाचा कारखाना होता,
तिथे आता शिल्पं ठेवतात.
तेव्हा मी सुरमई मोजायचो, आता माणसं मोजतो.
प्लास्टिकची. एकंदर त्रेचाळीस,
सगळी भिकाजी तारींच्या हातची,
वेळेवर जे लागलं त्यातून उभी केलेली:
तुटकी जाळी, बोये, बादल्यांचे कान,
कुणाकुणाच्या एकेकट्या चपला.

टेंगशे बाई पुण्याहून आल्या त्यांनी आधी वास घेतला,
भिंग नंतर काढलं.
स्टुडिओने फेकलेल्या निगेटिव्हची साडी नेसलेली
नवरी आंबली होती.
शिरक्याचा वास, बरणीचं झाकण राहून जावं तसा.
हिला वेगळी ठेवा, म्हणाल्या, हिचं शेजारणींना लागतं.
मग नवरीला आम्ही मागची खोली दिली,
सोयरातल्या बाईला देतात तशी.

रबरी नळीचा नाग घामेजला होता.
मी फडकं उचललं, तर म्हणाल्या, थांबा.
तो घाम नाही,
त्याच्या आतलं मऊपण बाहेर येतंय.
हे मी वहीत लिहून घेतलं नाही,
तरी राहिलं.

घरी बायको हसली.
"मेल्या, पलास्टिक खय कुसता?
ता आमका सगळ्यांका पुरान उरतला."
तिचंही खोटं नाही.
भरती रोज आणून टाकते निळी चप्पल,
कडेला कालवं धरलेली, पण वादी शाबूत,
घालून लग्नाला जावं अशी.
आणि इथे आत, काळोखात, अठरा अंशांवर,
मोजे घालून उचललेलं
चाळीस वर्षांत पीठ होतं.
बाहेरचंही झिजतंच, बाई म्हणतात,
फक्त जात कुठे नाही.

सकाळचं पहिलं काम बादली.
हवा सुकवणारं यंत्र रात्रभर समुद्र गाळत बसतं,
सात लिटर, आषाढात अकरा.
ते पाणी मी मागच्या अबोलीला घालतो.
लाईट गेली की जनरेटरकडे पळतो,
पूर्वी बर्फासाठी पळायचो, तसाच.
तेव्हा निदान वितळलेलं दिसायचं.

सगळ्यांत वाईट सुकटवालीचं.
पिवळ्या फोमची, मांडी घालून बसलेली,
पुढे टोपलीत बाटल्यांच्या झाकणांचा जवळा.
पिशवीत बंद, सोबत श्वास खाणाऱ्या पुड्या.
हवा नको, उजेड नको, हात नको.

शिमगा झाल्यावर तारींची बायको आली,
निवतीहून, एसटीने, डब्यात खापरोळ्या घेऊन.
"माका ती बघूची हा."
परवानगी पुण्याहून यायची असते.
मी पिशवी उघडली.

ती खूप वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, "ही आमची गादी.
माका इचारूक नाय, सुरी घेतल्यान नि कापल्यान.
मिरगापासून दसऱ्यापर्यंत मी चटयेर निजलंय."
आणि हसली. रागही होता त्यात, जुना, नीट जपलेला,
कुठल्या पुडीशिवाय.

मी मोजे दिले. तिने एकच घातला, उजव्या हाताला.
डाव्या अंगठ्याने, मी नको म्हणेपर्यंत,
सुकटवालीचा गाल दाबला,
उन्हातली गादी सुकली का बघतात ना, तसा.
गाल परत वर आला नाही.
बोटाला पिवळं पीठ लागलं.
तिने ते पदराला पुसलं नाही,
एसटीत बसेपर्यंत मूठ मिटलेली होती.

रजिस्टरात रकाना असतो: नुकसान.
मी वस्तू क्रमांक सतरा लिहिलं, तारीख लिहिली,
रकान्याचं नाव खोडलं, आणि लिहिलं:
डाव्या गालावर अंगठ्याचा ठसा.
गुणवंती भिकाजी तारी यांचा. बुजवू नये.

पुढच्या महिन्यात टेंगशे बाईंनी ते वाचलं.
माझ्याशी दुपारपर्यंत बोलल्या नाहीत.
जेवण झाल्यावर दिवा तिरका धरून
त्या गालापाशी उकिडव्या बसल्या, बराच वेळ,
आणि माझ्या अक्षराखाली
पेन्सिलीने एवढंच जोडलं:
खोली चार मिलिमीटर.